आधी रस्ता बुडतो

जुलै निम्मा सरला की शिरोळ तालुक्यात माणसं तब्येत विचारायच्या आधी "राजारामला किती?" असं विचारतात. राजाराम म्हणजे कोल्हापूरजवळचा पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. तिथं पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि 43 ला धोका पातळी. सांगलीकरांचं असंच लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे. तिथले आकडे 40 आणि 45. शाळकरी पोरांनाही ते पाठ असतात. पण बंधाऱ्यावर 43 झाले म्हणजे आपल्या गल्लीत पाणी कुठं असेल, हे विचारलं तर निम्मी घरं गप्प बसतील.

दरड कोसळते तसा हा पूर येत नाही. 2021 ला तळीयेत आणि 2023 ला इर्शाळवाडीत डोंगर खाली आला तेव्हा लोकांना सावरायलाही वेळ मिळाला नाही. शिरोळचं पाणी चालत येतं. पाऊस पडतो तिकडं राधानगरी-गगनबावड्याला. राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडायला लागतात. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं आणि कोल्हापूर ओलांडून शिरोळात पोचतं. इकडे कोयना-वारणेचं पाणी घेऊन कृष्णाही भरून आलेली असते. नरसोबावाडीला दोघींची गाठ पडते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला शिरायला जागाच उरत नाही. मग तिचं पाणी मागं सरतं आणि शिवारात पसरतं. हीच ती फूग. फुगेचं पाणी आवाज करत नाही. डोक्यावर लख्ख ऊन असताना ते उसाच्या सरीतून बांधावर येतं आणि जमीन सपाट असल्यानं उतरायलाही दिवस लावतं.

 

पाणी चालत येतं म्हणजे वेळ मिळतो. पण हा वेळ बहुतेक घरं वाट बघण्यात घालवतात. कुरुंदवाडच्या बाजूला एका घराच्या ओसरीत भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची 2005 ची. वरची 2019 ची, ती उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर. घरातल्या मावशी म्हणाल्या, "पाचला पायरीपतोर आलतं. तेवढंच यील म्हणून बसलो." जुना पूर त्यांना मोजपट्टी वाटला. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं आणि ती मोजपट्टी बुडाली. त्यांचं खरं नुकसान मात्र घरात पाणी शिरायच्या आदल्या दिवशीच झालं होतं. गावाबाहेरच्या ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला, आणि चार म्हशींना न्यायला वाट राहिली नाही.

पुराची सगळी गोम इथं आहे. उंबरा बुडायच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो. माणूस बोटीत बसतो, म्हैस बसत नाही. आणि म्हैस गोठ्यात आहे तोवर घरातला एक तरी माणूस मागं राहतोच. 'लोक सांगूनही हलत नाहीत' अशी तक्रार दर वर्षी ऐकू येते. दावणीला दीड-दोन लाखांचं जित्राब बांधलेलं असताना नुसत्या भोंग्यावर कोण हलेल? शेवटच्या घटकेला हलायचं म्हटलं तर काय होतं, ते 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसलं. गच्च भरलेली बोट उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली.

म्हणून घराची इशारा पातळी घरानंच ठरवायची. एक साधी वही करावी. राजारामला अमुक फूट असताना ओढ्याला पाणी कुठं होतं, मळीचा रस्ता कधी बंद झाला, हे दर पावसाळ्यात तारखेसह लिहावं. दोन-तीन वर्षांत बंधाऱ्याचा आकडा आपल्या दारापर्यंत आणून वाचता येतो. ओढ्यावरून पाणी जायच्या आदल्या दिवशी जनावरं हलवायची. ती कुठल्या पाहुण्याच्या गोठ्यात जाणार, तिथं वैरण कुणाची आणि धारा कोण काढणार, हे मे महिन्यातच बोलून ठेवायचं. भर पावसात कडबा उसना मिळत नाही. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे बारा आकडी नंबरही त्याच वहीत उतरून ठेवावेत, पंचनाम्याच्या वेळी तेच विचारतात.

नरसोबावाडीच्या दत्तमंदिराकडे बघा. पाणी चढायला लागलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. यंदा किती येईल यावर तिथं खल होत नाही. पाणी ठरल्या जागी आलं की देव हलतो.

बाकीची तयारी घरोघरी माहीत असते, फक्त ऐनवेळी सापडत नाही: सातबारा, रेशनकार्ड, पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत, बीपी-शुगरच्या गोळ्या, बॅटरी, थोडी सुटी रोकड. निघताना मेन स्विच पाडायचा, सिलिंडर बंद करून बांधायचा, नाहीतर तो तरंगत जातो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा नंबर मोबाइलबरोबर दारामागंही लिहावा, कारण वीज गेली की मोबाइल दीड दिवसाचा सोबती. उंचावरच्या घरांनीही निवांत राहू नये. 2019 ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा पाणी न शिरलेल्या घरांतही नळ कोरडे पडले आणि पेट्रोल मिळेना.

परत आल्यावर झाडू हातात घ्यायच्या आधी फोटो काढावेत. चिखल, भिंतीवरची ओल, फुगलेली धान्याची पोती, सगळ्याचे. वायरमननं बघितल्याशिवाय बटण दाबू नये. अडगळीत हात घालायच्या आधी काठीनं ढोसावं, पुरात सापही आसरा शोधत असतात.

मावशींनी 2021 ला म्हशी दोन दिवस आधी नणंदेकडे धाडल्या. पाणी त्याही वर्षी घरात आलं. भिंतीवर मात्र त्यांनी तिसरी रेघ मारली नाही. ती मारली गावाबाहेर, ओढ्याच्या पुलाजवळच्या विजेच्या खांबावर, शिंगं रंगवून उरलेल्या तांबड्या रंगानं. जमिनीपासून जेमतेम वीतभर.