पूर्व आफ्रिकेचा प्रवास आणि हिंवताप

सिंह-हत्तींचे कळप पाहण्यासाठीं केनिया-टांझानियाकडे निघालेल्या मुंबई-पुण्याच्या मंडळींची तयारी बहुधा दुर्बीण, कॅमेरा आणि फराळाचे डबे येथपर्यंत येऊन थांबते. हिंवतापाचें नांव काढलें कीं घरांतील वडील माणसें हंसून म्हणतात, "डांस का आपल्याला नवे आहेत?" हा भ्रम आहे, व तो कधीं कधीं जिवावर बेततो.

हिंवतापाचे जंतु एकाच जातीचे नसतात. आपल्याकडे पुष्कळदां आढळणारा व्हायव्हॅक्स माणसाला खिळखिळा करतो. परंतु पूर्व आफ्रिकेंत प्राबल्य आहे तें फाल्सिपेरमचें. हा जंतु शिरलेल्या रक्तपेशी सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, मेंदूचा रक्तपुरवठा अडतो, आणि उपचारास विलंब झाल्यास रोगी थोड्याच दिवसांत दगावतो. लहानपणीं ताप येऊन गेल्यानें अंगीं आलेली प्रतिकारशक्ति अपुरी असते व कालांतरानें ती ओसरतेहि.

अॅनॉफिलीस डांसाच्या जठरांत हे जंतु रोनाल्ड रॉस यांना १८९७ सालीं सिकंदराबाद येथें आढळले. या डांसाची मादी मुख्यतः सांजवेळेपासून पहाटेपर्यंत चावते. म्हणून सूर्यास्तानंतर पुऱ्या बाह्यांचे कपडे, उघड्या अंगास डांस-प्रतिबंधक मलम आणि कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी हवी. नैरोबी सुमारें १,७०० मीटर उंचीवर असल्यानें तेथें धोका कमी. पण प्रवासी एकट्या नैरोबींत थोडेच राहतात!

पूर्वीं कोयनेल होतें, मागून क्लोरोक्विन आलें. त्याला तेथील जंतु आतां दाद देत नाहींत. डॉक्टरांच्या सल्ल्यानें अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन प्रवासापूर्वीं एक-दोन दिवस सुरू करून रोज घ्यावें. घरीं पोंचतांच गोळ्या टाकून देण्याची खोड मात्र फार वाईट. जंतु आधीं यकृतांत दडतात, मग रक्तांत उतरतात. पहिलें औषध यकृतांतच त्यांना गांठतें, म्हणून तें परतल्यावर ७ दिवस पुरतें. दुसरें मुख्यतः रक्तांत काम करतें, म्हणून तें ४ आठवडे चालू ठेवावें लागतें.

पीतज्वराची गोष्ट निराळी. हा रोग भारतांत नाहीं; परंतु तो पसरविणारा एडीस डांस येथें गल्लोगल्लीं आहे. त्यामुळेंच केनिया-युगांडाहून लशीच्या दाखल्यावांचून येणारास ६ दिवसांपर्यंत विलग ठेवण्यांत येतें. लस सरकारमान्य केंद्रांतच टोंचतात. दाखला १० दिवसांनीं ग्राह्य होतो, व २०१६ पासून तो जन्मभर चालतो. ती जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूंची असल्यानें साठी उलटलेल्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. विषमज्वर व धनुर्वात यांच्या लशींची चौकशीहि त्याच खेपेस उरकावी.

परतल्यावर पहिले तीन महिने ताप आल्यास, गोळ्या नेमानें घेतल्या असल्या तरी, त्याच दिवशीं रक्त तपासून घ्यावें आणि आफ्रिकेचा प्रवास झाल्याचें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. पावसाळ्यांत दवाखान्यांत तापाच्या रोग्यांची एवढी रीघ असते कीं, हें विचारण्याचें त्यांना सुचेलच असें नाहीं.