गोल्फचं माहेर, गावाचं गायरान

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं उंच कुंपण आणि फाटकावरचा पहारेकरी. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं सेंट अँड्र्यूज हे या खेळाचं माहेर; पण तिथल्या जगप्रसिद्ध ओल्ड कोर्सवर पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्यांना छेदून गावचा रस्ता समुद्राकडे जातो. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी खेळ बंद असतो, आणि बाबागाड्या, कुत्री घेऊन गाव तिथे फिरायला येतं.

कारण ही जमीन गावाची आहे, आपल्या गायरानासारखी. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टनला इथे ससे पाळायची मुभा मिळाली. पण त्याच दस्तात त्याला गावकऱ्यांचा गुरं चारण्याचा आणि गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य करावा लागला. पुढे १७९७ मध्ये गाव कर्जात बुडालं, जमीन हातची गेली आणि सशांच्या व्यापाऱ्यांशी वर्षानुवर्षं कज्जे चालले. १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फवेड्या जमीनदाराने ती विकत घेऊन मैदान वाचवलं; १८९४ मध्ये कायदा होऊन ते पुन्हा गावाकडे आलं. मला या गावाचा खरा पराक्रम वाटतो तो हाच.

गोल्फची अठरा होलची पद्धतही इथलीच. पूर्वी एक फेरी बावीस होलची असे. १७६४ मध्ये सुरुवातीची चार होल जोडून दोन केली; जाताना दोन आणि येताना दोन कमी होऊन अठरा उरली. आजही इथे सात जोड-हिरवळी आहेत आणि प्रत्येकीवरच्या दोन होलच्या आकड्यांची बेरीज अठराच येते. अठराव्या होलकडे जाताना स्विल्कन ओढ्यावरचा दगडी पूल लागतो. कठडे बुटके, दगड ओबडधोबड, चार पावलं टाकली की संपला. मेंढपाळांसाठी बांधलेल्या या पुलावर उभं राहून जॅक निकलाउसने २००५ मध्ये ओपन स्पर्धेचा निरोप घेतला.

शेजारीच ‘हिमालयाज’ आहे. उंचवट्यांनी भरलेल्या या हिरवळीवर पटिंग करणाऱ्या, म्हणजे चेंडू हळूच होलकडे ढकलणाऱ्या, बायकांचा क्लब १८६७ पासूनचा. काठी खांद्याच्या वर उचलणं बायकांना शोभत नाही, अशी तेव्हाची समजूत होती, म्हणून फक्त पटिंग. आज तिथे थोडक्या पैशांत कुणालाही खेळता येतं. मुलांना घेऊन जरूर जावं.

गोल्फ बाजूला ठेवला तरी गाव पुरून उरतं. तिन्ही मुख्य रस्ते पूर्वेला कॅथीड्रलच्या अवशेषांकडे जातात. १३१८ मध्ये रॉबर्ट द ब्रूसच्या उपस्थितीत अभिषेक झालेलं हे भव्य चर्च १५५९ मध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत लुटलं गेलं. त्याच्या आवारात नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस आणि त्याचा २४ व्या वर्षी गेलेला विजेता मुलगा यांच्या कबरी आहेत. गावच्या किल्ल्यातली भुयारं मात्र चुकवू नयेत. १५४६-४७ च्या वेढ्यात बाहेरून सुरुंगाचं भुयार खणलं जात होतं, तेव्हा आतल्यांनी खडक फोडत त्याच्या दिशेने आपलं भुयार काढलं. त्यांची दिशा आधी चुकली, ते अर्धवट खड्डे अजून तसेच आहेत. वाकून, ओल्या भिंतीला हात लावत उतरलं की दोन भुयारं मिळाली ती जागा दिसते.

१४१३ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाबाहेर फरसबंदीत ‘पीएच’ ही आद्याक्षरं आहेत. १५२८ मध्ये धर्मसुधारक पॅट्रिक हॅमिल्टनला तिथे जिवंत जाळलं. त्या अक्षरांवर पाय पडला तर परीक्षेत नापास होतो, असं मानून विद्यार्थी वळसा घालतात.

गावात रेल्वे नाही. १९६९ मध्ये ती बंद झाली. एडिनबराहून ल्यूकर्सपर्यंत गाडी आणि तिथून थोड्या वेळाची बस. ओल्ड कोर्सवर खेळायचं असेल तर सोडतीत नाव द्यावं लागतं. नुसतं पाहायचं असेल, तर रविवारीच जा.