मार्टचा रोखीचा भाव आणि उसाचे बिल

उसाची पहिली उचल बँकेत जमा झाली की पूर्वी दोन ठिकाणी गर्दी उसळायची, खतांच्या दुकानात आणि सोनाराच्या पेढीवर. आता तिसरे ठिकाण झाले आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी बायपासला जे मोठे मार्ट उघडले आहे, तिथल्या वाहनतळावर रविवारी एक फेरी मारून पाहावी. निम्म्या गाड्या आपल्याच कार्यक्षेत्रातल्या असतात. एका जीपमधून तीन घरच्या जावा-नणंदा उतरतात आणि "महिन्याचं भरायला आलोय" असे सांगतात.

गट कार्यालयांत बिलाच्या चौकशीला येणाऱ्या सभासद भगिनी अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात, "मार्टात खरंच स्वस्त पडतं का हो? आन पडत असंल तर ते देतात कुठनं?" प्रश्न साधा असला तरी तो आपल्या सगळ्यांच्या खिशाशी आणि थोडा सहकाराशीही निगडित आहे. म्हणून या अंकात त्याचा जरा सविस्तर विचार करावा असे आम्ही ठरविले.

आधी स्वस्ताईचे गमक पाहू. या प्रकारच्या दुकानांत आपल्याकडे सर्वांत नावाजलेले म्हणजे डी-मार्ट. राधाकिशन दमाणी यांनी त्याचे पहिले दुकान 2002 साली मुंबईत पवईला काढले. 2017 च्या मार्चमध्ये कंपनीच्या भागांची शेअर बाजारात नोंद झाली आणि 2025 च्या मार्चअखेर देशातील दुकानांची संख्या चारशेच्या वर गेली. यात जादू काही नाही. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घ्यायची, म्हणजे महिन्याचे भाडे नाही. सजावट, झगमगाट बेताचा. शंभर तऱ्हेचा माल ठेवण्यापेक्षा जो पटापट खपतो तोच भरपूर ठेवायचा. माल देणाऱ्याचे पैसे लौकर चुकते करायचे आणि त्याबद्दल त्याच्याकडून भाव कमी करून घ्यायचा. गिऱ्हाइकाला मात्र उधारी नाही. मालक ओळखीचा असो वा नसो, आधी पैसे मोजायचे आणि मग पिशवी उचलायची.

बाकीचा हिशेब माल किती वेळा फिरतो यावर आहे. समजा, एका दुकानदाराचा एक लाखाचा माल वर्षातून पाच वेळा फिरतो आणि तो शेकडा 10 रुपये नफा घेतो. वर्षाचे 50 हजार झाले. दुसऱ्याचा तेवढाच माल दरमहा फिरतो आणि तो शेकडा 5 च घेतो. त्याचे 60 हजार झाले! निम्मा नफा घेऊन दुसरा पुढे गेला. पहिल्याचा माल का फिरत नाही? कारण त्याचे निम्मे भांडवल तुमच्या-आमच्या वहीत अडकलेले असते.

आता या गोष्टीत सहकाराचा एक धागा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. डी-मार्ट काढण्यापूर्वी, 1999 च्या सुमारास, दमाणींनी नवी मुंबईत नेरुळ येथे 'अपना बाजार'ची शाखा चालवायला घेतली होती. 'अपना बाजार' म्हणजे 1948 साली मुंबईच्या नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत उभी राहिलेली ग्राहक सहकारी संस्था. ती पद्धत त्यांना पटली नाही आणि त्यांनी आपली वेगळी वाट धरली. पण किराणा मालाचा धंदा त्यांनी सहकाराच्या अंगणात उभे राहून पाहिला, एवढे खरे.

त्याहून जुनी गोष्ट इंग्लंडातली. सहकारी प्रशिक्षण वर्गाला गेलेल्या आमच्या संचालकांना रॉचडेलचे नाव पाठ असेल. 1844 च्या डिसेंबरात तिथल्या अठ्ठावीस जणांनी, त्यांत बरेच विणकर होते, प्रत्येकी एक पौंड भाग घालून दुकान उघडले. पहिल्या दिवशी दुकानात काय होते? थोडे पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. बस्स. त्यांचा एक नियम असा की व्यवहार रोखीचा. मजूर माणूस दुकानदाराच्या वहीत अडकला की तो देईल तो भाव आणि तो देईल तो भेसळीचा माल घ्यावा लागतो, हे त्यांनी अंगावर सोसलेले होते. वर्षाचा नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. आपण ज्याने जितका ऊस घातला त्या प्रमाणात अंतिम हप्ता देतो, तसाच तो प्रकार.

म्हणजे आज मार्टवाला जे करतो त्यातला रोखीचा भाग मूळ आपलाच. फरक इतकाच की, उरलेला नफा तिथे भागधारकाकडे जातो, गिऱ्हाइकाकडे परत येत नाही. आपल्याकडे वारणा बाजारासारख्या संस्थेने साखर कारखान्याच्या आश्रयाने खेड्यापाड्यांत नाव कमावले. पण कित्येक ठिकाणची ग्राहक भांडारे बसली ती नेमकी उधारीने. कामगारांची उधारी, पुढाऱ्यांच्या घरची उधारी आणि न खपणारा माल रॅकवर धूळ खात. स्पष्ट लिहिल्याबद्दल कुणी रागावू नये.

आता आपल्या घरचे गणित मांडू. ऊस उत्पादकाच्या घरात पैसा महिन्याला येत नाही. ऊस तुटतो, वजन होते, कायद्याने चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दर मिळायचा असतो, आणि पुढचे हप्ते जसे येतील तसे. जुलै ते नोव्हेंबर हा काळ सगळ्यांत ओढीचा. याच दिवसांत शाळेचा खर्च, लागणीचे बियाणे, गणपती, दसरा, दिवाळी. घर चालते ते गावच्या वाण्याच्या वहीवर.

समजा, घरात छापील किमतीने महिन्याला 4000 रुपयांचा किराणा लागतो. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत, दर महिन्याच्या एक तारखेला, पाच महिने उधार घेतला आणि डिसेंबरच्या एक तारखेला बिल येताच 20 हजार चुकते केले. हाच माल रोखीने मार्टात शेकडा 10 ने कमी पडला असे धरू, म्हणजे 18 हजार. फरक 2000 चा. आता जुलैचा माल पाच महिने उधार राहिला, नोव्हेंबरचा एकच महिना, सरासरी तीन महिने. 18 हजारांवर तीन महिन्यांना 2000 म्हणजे दर साल दर शेकडा 44 रुपयांच्या वर पडले! वाण्याने व्याजाचा शब्द काढला नाही, वहीत व्याज म्हणून आकडा नाही, तरी ते गेले. गावची पतसंस्था इतके व्याज लावू लागली तर आपण वार्षिक सभेत खुर्च्या डोक्यावर घेऊ.

हे गणित आम्ही एका किराणा दुकानदारास दाखविले. माणूस जुना, आपल्याच गावचा. तो म्हणाला, "सायेब, आकडा बरोबर हाय तुमचा. पन रात्री दहाला पोरगं तापानं फणफणल्यालं असताना साबुदाना कुणी दिला? मार्टाचं शटर वाजवून बघा की एकदा." आणि पुढे म्हणाला, "माझं बी चार लाख गावात पसरल्यात. घाऊकवाला मला उधारीवर चढ्या भावानं घालतो. मी कुठनं कमी लावू?" त्याचेही खोटे नाही. पावसाने तोड लांबली, बिल लांबले, तेव्हा ज्याने वही मिटली नाही त्याला एकाएकी सोडून द्या, असे आम्ही सुचवीत नाही.

परंतु बिल हातात आल्यावरही जो वहीवरच घेत राहतो त्याने विचार करावा. उचल आली की तिच्यातले चार-पाच महिन्यांच्या किराण्याचे पैसे वेगळे काढून बचत खात्यात ठेवले, तर मार्ट असो की गावचा वाणी, रोखीचा भाव मागता येतो. हे काम घरातल्या बाईच्या हाती दिले तर नक्की होते. पुरुषांचा अनुभव या बाबतीत फारसा चांगला नाही.

आता प्रत्यक्ष मार्टात. यादी घरून लिहून न्यावी आणि डबे तपासून लिहावी. चाकाच्या गाडीचे पोट मोठे असते, ते रिकामे दिसले की हात आपोआप चालतो. डाळ, तेल, साखर यांचे भाव बायकांच्या तोंडपाठ, म्हणून तिथे दुकानदार नफा कमी ठेवतो. प्लास्टिकच्या बादल्या, चादरी, पोरांचे कपडे यांचा भाव कुणाला ठाऊक नसतो, तिथे तो थोडा जास्त सुटतो. 3600 ची यादी घेऊन गेलेली मंडळी 4600 चे बिल करून येतात ती याच वाटेने. वर जीपचे भाडे. दोन-तीन घरांनी मिळून जावे हे बरे, मात्र एकीने घेतले म्हणून दुसरीने घेऊ नये.

पाकिटावरची छापील किंमत आणि खालचा सवलतीचा भाव एवढेच पाहून चालत नाही, वजन पाहावे. 2021 साली वेष्टित मालाच्या नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून ठरावीक वजनाचीच पाकिटे काढण्याचे बंधन गेले. पण त्याबरोबर ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला काय भाव पडतो तो छापणे आले. बारीक अक्षरात असतो, पोरीला वाचायला सांगावे. तेलाच्या पिशवीत तर हमखास फसगत होते. एक लिटर तेल वजनाने साधारण 910 ग्रॅम भरते. शेजारी शेजारी दोन पिशव्या, एक 910 ग्रॅमची आणि दुसरी 850 ची, दिसायला जुळ्या. दुसरी पाच रुपयांनी स्वस्त वाटते, हिशेब केला तर महाग निघते. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त, असेही नाही. आणि पाकिटबंद, नाव छापलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर (25 किलोपर्यंत) 2022 च्या जुलैपासून शेकडा 5 कर बसला. सुट्या धान्यावर तो नाही. मार्टात सुटे धान्य पिंपात मिळते, ते निवडून घेता येते.

ज्वारी, शेंगा, हळद, गूळ घरचे किंवा शेजारच्या शिवारातले असताना तिथून आणण्यात अर्थ नाही, हे वेगळे सांगायला नको. तरी आम्ही ऊसवाल्याच्या पिशवीत मार्टचा गूळ पाहिला आहे!

साखरेविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. एक भगिनी आनंदाने म्हणाल्या, "साखर मार्टात दोन रुपयानं कमी मिळाली." त्यांचे यजमान शेजारीच उभे राहून साखरेला दर नाही म्हणून कारखान्याच्या नावाने बोटे मोडीत होते. एकाच घरातली ही दोन तोंडे. केंद्र सरकारने 2019 च्या फेब्रुवारीत कारखान्याच्या दारातील साखरेचा किमान विक्री दर किलोला 31 रुपये ठरविला. त्या हंगामात (2018-19) उसाचा रास्त व किफायतशीर दर 10 टक्के उताऱ्याला टनास 2750 रुपये होता. 2025-26 साठी तो 10.25 टक्के उताऱ्याला 3550 रुपये झाला. मार्टची साखर म्हणजे कुठल्या तरी कारखान्याचीच साखर, तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी उसाची. शहरातल्या गिऱ्हाइकाला ती स्वस्त मिळावी आणि आपल्याला उसाला दर मिळावा, या दोन्ही मागण्या ज्या दोन रुपयांत भांडतात ते हेच दोन रुपये. सभासदांची सवलतीची साखर ज्यांना मिळते त्यांनी निदान आपला कोटा वेळेवर उचलावा. कोटा बुडवून मार्टातून साखर आणणारी घरे आहेत.

आणखी एक गोष्ट कळली. वर ज्याचा उल्लेख केला त्या दुकानदाराने आता गल्ल्याजवळ पाटी लावली आहे. तेल, डाळी, चहा आणि साबण, यांचे रोखीचे भाव खडूने लिहिलेले, उधारीपेक्षा शेकडा पाच-सहा कमी. "मार्टाएवढं न्हाई परवडत," तो म्हणाला, "पन जीपचं भाडं धरा की." पाटी लावल्यापासून पहिल्या पंधरवड्यात नऊ घरांनी वहीवरचे नाव खोडून घेतले, असे त्याने सांगितले. त्यांतल्या सात घरांत व्यवहार बाईच्या हाती आहे.