कॅमेरा आणि लॅपटॉप यांच्यामधली तार

टेदर्ड शूटिंग म्हणजे कॅमेरा केबलने संगणकाला जोडून छायाचित्रे काढणे. शटर दाबले की क्षणा-दोन क्षणांत चित्र लॅपटॉपवर येते आणि कॅमेऱ्यामागच्या तीन इंची पडद्यावर न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात: पैठणीच्या पदराला पडलेली चुणी, नथीच्या मोत्यात उमटलेले दिव्याचे प्रतिबिंब. दागिने, साड्या, खाद्यपदार्थ यांच्या जाहिरातींचे काम म्हणूनच असे केले जाते. ग्राहकही लॅपटॉपपाशी बसलेला असतो, आणि ‘कॅमेरा सापडला नाही’ हा संदेशही नेमका त्याच्यासमोरच झळकतो.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी सॉफ्टवेअरकडे जातो. ते काढून पुन्हा टाकण्यात दुपार जाते आणि कॅमेरा दिसत नाही तो नाहीच. त्याआधी एवढेच पाहावे, की खुद्द संगणकाला कॅमेरा दिसतो आहे का. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून आणि मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधली यूएसबीची यादी पाहून हे कळते. यादीत कॅमेऱ्याचे नावच नसेल, तर दोष केबल, पोर्ट किंवा कॅमेऱ्याच्या मेन्यूत असतो आणि सॉफ्टवेअर निर्दोष सुटते. नाव असूनही चित्र येत नसेल, तर मात्र कॅमेऱ्याचा मेन्यू तपासून सॉफ्टवेअरकडे वळावे.

सर्वांत जास्त वेळा दोषी निघते ती केबल. यूएसबी २.० ची साधी केबल कापून पाहिली तर आत चार तारा दिसतात: लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये हिरवी-पांढरी जोडी नसतेच. अशा केबलने कॅमेरा चार्ज होतो, त्यामुळे केबल ठीक आहे असा समज होतो. संगणकाला मात्र काहीच दिसत नाही. टाइप-सी केबलचे सोंग आणखी फसवे. दोन्ही टोके अगदी सारखी असली, तरी मोबाइलबरोबर येणाऱ्या पुष्कळ टाइप-सी केबल माहिती यूएसबी २.० च्याच वेगाने नेतात.

लांबीलाही मर्यादा आहे. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंत चालते. यूएसबी ३ च्या वेगाला साधारण ३ मीटरच्या पुढे भरवसा उरत नाही, आणि सेकंदाला १० गिगाबिट नेणारी टाइप-सी केबल मीटरभराचीच असते. यापेक्षा लांब जायचे तर ॲक्टिव्ह केबल लागते. तिच्यातली चिप क्षीण झालेला संकेत पुन्हा उचलून देते. साध्या केबलला एक्स्टेन्शन जोडून लांबी वाढवली की कॅमेरा कधी दिसतो, कधी गायब होतो.

कॅमेऱ्याचे सॉकेटही नाजूक असते. केबलला कोणाचा पाय अडकला की पहिला झटका तिथेच बसतो, आणि मायक्रो-बी प्रकारचे सॉकेट एकदा सैल झाले की दुरुस्तीशिवाय गत्यंतर नाही. केबलचा एक वळसा ट्रायपॉडला घेऊन पट्टीने बांधला, तर झटका ट्रायपॉड सोसतो. टेदरिंगच्या केबल भडक नारिंगी रंगात मिळतात, त्याही अंधाऱ्या स्टुडिओत उठून दिसाव्यात म्हणूनच.

केबल बदलूनही फरक पडत नसेल, तर मधला हब काढून कॅमेरा थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावावा. स्वतःचा ॲडॉप्टर नसलेल्या हबवर हार्डडिस्क, माउस आणि कॅमेरा एकत्र जोडले, की वीज अपुरी पडू शकते. ॲपल सिलिकॉनच्या मॅक लॅपटॉपवर मॅकओएस व्हेंचुरापासून नवे उपकरण जोडताना परवानगी विचारली जाते. घाईत ती चौकट नाकारली गेली असेल तरी कॅमेरा दिसत नाही.

यानंतर कॅमेऱ्याचा मेन्यू. कॅमेरा संगणकापुढे दोन रूपांत उभा राहू शकतो: पेनड्राइव्हसारखा, किंवा हुकूम ऐकणारा कॅमेरा म्हणून. कार्डावरच्या फाइल दिसतात पण संगणकावरून शटर पडत नाही, असे झाले तर पहिले रूप चालू आहे असे समजावे. सोनीच्या मेन्यूत ‘पीसी रिमोट’, तर फुजीफिल्ममध्ये ‘यूएसबी टेदर शूटिंग’ निवडावे लागते. कॅननच्या काही मॉडेलांत वायफाय चालू असताना केबलचा मार्ग बंदच राहतो.

कॅमेरा दिसतो आहे, मेन्यूही बरोबर आहे, तरी सॉफ्टवेअर दाद देत नाही, तेव्हा कॅमेरा दुसऱ्याच कोणीतरी धरून ठेवलेला असतो. कॅमेरे संगणकाशी बहुधा पीटीपी या ठरलेल्या भाषेत बोलतात, आणि बोलतात ते एका वेळी एकाच प्रोग्रॅमशी. मॅकवर फोटोज किंवा इमेज कॅप्चर, विंडोजमध्ये फोटो आयात करणारी खिडकी, कॅननची ईओएस युटिलिटी, यांपैकी कोणीही केबल लागताच पुढे येते आणि लाइटरूम किंवा कॅप्चर वनसारखे टेदरिंगचे सॉफ्टवेअर रांगेत राहते. लिनक्सवर तर ‘उपकरणाचा ताबा मिळाला नाही’ असे स्पष्टच लिहून येते. बाकीचे प्रोग्रॅम बंद करून, कॅमेरा बंद-चालू करून पुन्हा जोडला, की बहुतेक वेळा अडलेले काम सुटते. कॅमेरा नवाकोरा असेल, तर सॉफ्टवेअरच्या वापरातल्या आवृत्तीच्या टेदरिंग यादीत तो आला आहे का, हेही पाहावे.

सुरळीत चाललेले काम दहा-पंधरा मिनिटांनी तुटत असेल, तर कोणीतरी झोपी जाते आहे. कॅमेऱ्याचे ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद करावे. विंडोजमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट निजवण्याची सोय असते. पॉवर ऑप्शन्समधून ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे.

संथपणा हा बिघाड नव्हे, गणित आहे. यूएसबी २.० चा वेग कागदोपत्री सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३० ते ४० मिळाले तरी पुष्कळ. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल ५० मेगाबाइटच्या आसपास असते. म्हणजे एका चित्राला दीड सेकंद, आणि सलग दहा काढली की पंधरा सेकंदांची रांग. कॅमेऱ्यात सोय असल्यास रॉ कार्डावर ठेवून फक्त जेपेग संगणकाकडे पाठवावे. चित्रे केवळ संगणकावर जमा होत असतील, तर केबल तुटण्याच्या क्षणी वाटेत असलेले चित्र हातचे जाऊ शकते. सोनीच्या मेन्यूत आणि ईओएस युटिलिटीत संगणक व कार्ड दोन्हीकडे साठवण्याचा पर्याय त्यासाठीच ठेवलेला आहे.