पंधरा खाटांची पारख

गाव आपल्या नर्सिंग होमला गुण देतच असतं. ‘डॉक्टरांच्या हाताला यश आहे’, ‘मॅडम बोलायला कडक, पण बाळंतपण अडलं तर त्यांनाच गाठायचं’, ‘तिकडं नको, गेलं की सिझरच करतात’ हे शेरे रिक्षावाल्यापासून लेकीला पहिल्या खेपेला माहेरी आणणाऱ्या आईपर्यंत सगळ्यांना पाठ असतात. तालुक्याच्या गावात फारसं काही लपत नाही, त्यामुळे ते अगदीच टाकाऊ नसतात. पण त्यांत एक खोट आहे. सर्दी-ताप-जुलाबाचे बहुतेक पेशंट कुणाकडेही गेले तरी बरे होतात आणि डॉक्टरांचं नाव त्यांच्याच जिवावर होतं. नर्सिंग होम खरं कसोटीला लागतं ते मोजक्या वेळा, बहुधा अपरात्री, आणि तेव्हा बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना आत काय चाललंय याचा पत्ता नसतो.

महाराष्ट्रातल्या अशा नर्सिंग होमचा साचा साधारण ठरलेला आहे. खाली मेडिकल, ओपीडी आणि रक्त-लघवी तपासायची लॅब; वर दहा-पंधरा खाटा, एक लेबर रूम, एक ओटी; त्याच्याही वर डॉक्टरांचं घर. नवरा-बायको दोघंही डॉक्टर, त्यातल्या बाई बहुतेक वेळा स्त्रीरोगतज्ज्ञ. भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ फोन केल्यावर येणारे. रात्रीचा आरएमओ बीएएमएस किंवा बीएचएमएस. रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी. या साच्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण ग्रामीण रुग्णालयातली भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असते तेव्हा अडलेल्या बाईला जवळचं दार हेच. आणि गाव लहान म्हणून वैद्यक लहान असंही नाही. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून केलेलं काम ‘लॅन्सेट’ने छापलं. डॉ. अरुण गद्रे यांनी लासलगावात वर्षानुवर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि पुढे आपल्याच व्यवसायातल्या ७८ डॉक्टरांना बोलतं करून या धंद्याचं अंतरंग लोकांपुढे ठेवलं.

कागदावरची परीक्षा १९४९ च्या कायद्याने होते. तेव्हा तो मुंबई प्रांताचा होता, आज महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणून ओळखला जातो. महापालिकेच्या हद्दीत पालिकेचे आरोग्य अधिकारी आणि बाकी जिल्ह्यात सिव्हिल सर्जन नोंदणी देतात. तीन वर्षांनी नूतनीकरण. मूळ कलमं इंग्लंडच्या १९२७ च्या कायद्याच्या वळणावर गेलेली. पात्र डॉक्टर किंवा नर्स तिथेच राहणारी हवी, शिकलेल्या नर्सचं प्रमाण योग्य हवं, प्रसूतिगृहात पात्र सुईण हवी. योग्य म्हणजे किती, ते कलमात सांगितलेलं नव्हतं. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला लावलं, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायला मनाई केली. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही, तेव्हा खासगी नर्सिंग होमवरची मुख्य सरकारी नजर हीच. ती किती तीक्ष्ण आहे? सिव्हिल सर्जनना स्वतःचं जिल्हा रुग्णालय सांभाळून उरलेल्या वेळात जिल्हाभर हिंडायचं असतं. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला २०१७ च्या मार्चमध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले. एका होमिओपॅथी पदवीधरावर बेकायदा गर्भपातांचा आरोप ठेवला गेला, पण तपासाची चक्रं फिरली ती एका बाईचा जीव गेल्यानंतर.

तपासणीला आलेला माणूस खोल्या मोजतो, खाटांमधलं अंतर बघतो, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स फाइलला लावतो. त्यापेक्षा चार साध्या जागी डोकावलं तर जास्त कळतं, असं मला वाटतं. पहिली जागा ऑटोक्लेव्हची. १२१ अंश तापमान आणि १५ पौंड दाब मिळाला की ड्रमला लावलेल्या चिकटपट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या पडतात. पट्टीवर तारीख, वेळ आणि सही असेल तर कुणीतरी रोज हे काम मन लावून करतंय. अर्थात पट्टी एवढंच सांगते की ड्रमला वाफेची धग लागली. आतलं कापड निर्जंतुक झालं की नाही, हे तिला ठाऊक नसतं. त्यासाठी ड्रमच्या आत वेगळी खूणपट्टी टाकावी लागते. ती आत सापडली तर समजावं, इथे कुणीतरी खरोखर शिकून आलं आहे.

दुसरी जागा फ्रिज. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला जे ऑक्सिटोसिन देतात ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात वीज गेली, इन्व्हर्टरवर फक्त ओटीचे दिवे ठेवले आणि फ्रिज बंद राहिला, तर औषधाचा जोर हळूहळू उतरतो. बाटलीवरची मुदत मात्र तीच राहते. फ्रिजमध्ये थर्मामीटर आणि दारावर सकाळ-संध्याकाळच्या नोंदींचा तक्ता असेल तर ठीक. आत स्टाफचे डबे आणि दह्याचं भांडं असेल तर बाकीचं फारसं बघायची गरज उरत नाही. कचऱ्याचे पिवळे, लाल, पांढरे, निळे डबे कुठेही दिसतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे वार किंवा कापलेला अवयव ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. म्हणून डब्यांपेक्षा कचरा नेणाऱ्या गाडीच्या फेऱ्यांची नोंद बघावी. आगीचंही तसंच. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षात आग लागून १० बाळं गेली, त्यानंतर सगळीकडे लाल नळकांडी टांगली गेली. आग प्रतिबंधाच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला द्यावा लागतो. तो मागून बघावा. आणि जिन्यात सिलिंडर, मोडक्या खाटा आणि मेडिकलची खोकी रचलेली नाहीत ना, हेही.

पण वस्तू शेवटी वस्तूच. खरा प्रश्न माणसांचा, आणि तो टाळला जातो. ‘सिस्टर’ म्हटल्यावर ओ देणाऱ्या मुलींपैकी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद असलेल्या किती, हे कुणी विचारत नाही, विचारलेलं कुणाला आवडतही नाही. बारावी झालेल्या मुलीला डॉक्टरांनीच सलाईन लावायला, बीपी घ्यायला, ड्रेसिंग करायला शिकवलेलं असतं. तिचा हात खरोखर चांगला असतो. लहान लेकराची शीर ती पहिल्या सुईत शोधते. मात्र बाळंतपणानंतरच्या पहिल्या तासात काय बघायचं, हे हाताचं काम नाही. तरुण बाईचं बीपी पुष्कळ रक्त जाईपर्यंत तग धरून राहतं, नाडी मात्र आधीच धावायला लागते. जिला हे कुणी शिकवलं नाही ती ‘बीपी नॉर्मल’ लिहून पुढच्या खाटेकडे जाते. शिकलेल्या नर्स मिळत नाहीत, ही डॉक्टरांची तक्रार खोटी नाही. सरकारी भरती, पुण्या-मुंबईची कॉर्पोरेट रुग्णालयं आणि आखाती देश यांच्यापुढे तालुक्याचा पगार टिकत नाही. तरीही एकच प्रश्न विचारायची मुभा मिळाली, तर मी रात्रपाळीला नोंदणीकृत नर्स असते का, एवढंच विचारेन.

या बाबतीत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेची ‘मान्यता’ योजना मला बरी वाटते. तिचे १६ निकष फरशीच्या चकाकीपेक्षा हातांनी काय केलं ते बघतात. बाळ जन्मल्यावर आईला ऑक्सिटोसिन वेळेत दिलं का, कळांची प्रगती आलेखावर मांडली का, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला कुणाला येतं, असं विचारत जातात. एनएबीएच या रुग्णालयांच्या मानांकन मंडळाचा शिक्का मोठा असतो, पण लहान ठिकाणी त्याची तयारी पुष्कळदा फायलींच्या तयारीत संपते. शिक्क्यासाठी नेमलेला सल्लागार निघून गेला की फायली कपाटात जातात.

आता रेफरविषयी, कारण मला सगळ्यात जास्त भरवसा याच खुणेवर वाटतो. आपल्या पंधरा खाटांमध्ये काय झेपतं आणि काय नाही, हे ज्याला ठाऊक आहे आणि वेळेत सांगता येतं, ते नर्सिंग होम चांगलं. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन, शिरेत सुई ठेवून, पुढच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलून, काय दिलं आणि किती वाजता दिलं ते चिठ्ठीवर लिहून, सोबत सिस्टर देऊन १०८ मध्ये बसवणं हा एक रेफर. ‘इथे सोय नाही, पुढे न्या’ असं म्हणून पहाटे बिल चुकतं करून घेणं आणि नाव-गाव-तारखेपलीकडे काहीच नसलेली चिठ्ठी हातात देणं, हा दुसरा. वेळेत हलवलेला पेशंट पुढे बरा होतो, तेव्हा श्रेय मोठ्या हॉस्पिटलला जातं आणि ‘यांच्याकडून काही झालं नाही’ हा शेरा गावात उरतो. लोकांच्या गुणपत्रिकेत चांगला डॉक्टर इथेच नापास होतो.

रेफरला दोन किडी लागल्या आहेत. एक भीतीची. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून राज्यात स्वतंत्र कायदा आहे, तरी काचा फुटायच्या थांबल्या नाहीत, आणि थोडी जोखीम दिसली की पेशंट पुढे ढकलायची सवय अनेकांना लागली आहे. अशा डॉक्टरला दोष देताना माझी जीभ जरा अडखळते. दुसरी कीड ‘कट’ची. पेशंट पाठवला म्हणून एका तपासणी केंद्राने घरी पाठवलेला १,२०० रुपयांचा चेक बावस्करांनी २०१३ मध्ये खिशात न घालता थेट वैद्यक परिषदेकडे तक्रार केली, तेव्हा ती बातमी झाली. बातमी झाली, यातच सगळं आलं. पेशंटला एकाच ठरावीक ठिकाणी पाठवलं जात असेल आणि जवळचं सिव्हिल वगळलं जात असेल, तर कारण विचारायला हरकत नाही.

नकार देता येणं हाही याच गुणाचा भाग आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट या जागी सांगावीच लागते. २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अंगावरून जातंय म्हणून बाई यायची, कॅन्सरची भीती घातली जायची. हंगामात खाडा पडला की मुकादम दंड लावतो, म्हणून तीही कबूल व्हायची. बहुतेक ऑपरेशनं खासगी, लहान दवाखान्यांत झाली. यातल्या कित्येक ठिकाणी चीर नीट भरली असेल, पू झाला नसेल, बाई पाचव्या दिवशी चालत घरी गेली असेल. गावाच्या हिशोबाने आणि तपासणीच्या यादीनेही ते दवाखाने उत्तीर्णच. पुढे बीडमध्ये अशा ऑपरेशनआधी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यायची अट आली.

सिझरचंही थोडंफार असंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी संस्थांमधली ४७ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सिझरने झाली होती, सरकारी संस्थांत १४ टक्के. पण ही सरासरी झाली. आपल्या गावातल्या त्या एका इमारतीचा आकडा काय, हे पोटुशी बाई कुठे बघणार? पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रांची प्रत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, पण ती ज्याची त्यालाच मिळते.

आकडे तयार मात्र असतात. लेबर रूमची नोंदवही, ओटीचं रजिस्टर, पुढे पाठवलेल्यांची नावं. सगळं रोज लिहिलं जातं आणि नूतनीकरणापुरतं बाहेर निघतं. दरपत्रकाशेजारी आणखी एक पाटी लावायला जागा असते: गेल्या वर्षी बाळंतपणं किती, त्यात सिझर किती, पुढे किती पाठवली, जखम चिघळून परत किती आली. डॉक्टर यावर म्हणतात, आणि ते खोटं नाही, की अशी पाटी लागली तर अवघड बाईला कुणी हात लावणार नाही, सोप्या बाळंतपणांवर आकडे सजवले जातील. मग पाटीवर एक रकाना वाढवावा लागेल: दुसरीकडे हात टेकल्यावर किती जणी इथे आणल्या आणि त्यातल्या किती जणी बाळासकट घरी गेल्या. बऱ्याच गावांत तो रकाना रिकामा राहील. काही मोजक्या गावांत मात्र मॅडमच्या कडक बोलण्याचं कारण तिथे वाचायला मिळेल.