चार कुंड्यांची मुभा

घरात, स्वतःपुरता, कुंडीत लावलेला गांजा. या गोष्टीचा मागोवा घ्यायचा तर अलास्कापासून सुरुवात करावी लागते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये ‘रॅव्हिन विरुद्ध राज्य’ या खटल्यात निकाल दिला, की प्रौढ माणसाने घराच्या चार भिंतींआड स्वतःच्या वापरापुरता थोडा गांजा बाळगणे हा त्याच्या खासगीपणाच्या हक्कात बसतो. त्याला 50 वर्षे उलटून गेली. या काळात कायदा बराच पुढे-मागे झाला, आणि त्याच्या प्रत्येक वळणावर कुंडीतली मातीही बदलत गेली.

अलास्काचा निकाल अलास्कापुरताच राहिला. बाकी अमेरिकेत ऐंशीचे दशक धरपकडीचे होते. कॅलिफोर्नियात 1983 पासून डोंगरदऱ्यांतले गांजाचे मळे हेलिकॉप्टरमधून हुडकायची मोहीम सुरू झाली. पुढे केंद्रीय कायद्यात रोपे मोजून शिक्षा ठरू लागली: 100 रोपांना किमान 5 वर्षे, 1000 रोपांना किमान 10. साहजिकच लागवड उघड्या रानातून तळघरात आणि कपाटात शिरली. डोक्यावर सोडियमचे दिवे, मुळांशी मातीऐवजी दगडी लोकर आणि खायला बाटलीतली रासायनिक खते. पीक झटपट यायचे आणि मातीची पोती जिन्यावरून नेताना शेजाऱ्यांना दिसायची भीतीही नव्हती. 1989 मध्ये पोलिसांनी मोर्चा थेट ही सामग्री विकणाऱ्या दुकानांकडे वळवला. त्या पिढीचा बागवान मातीपासून तुटला तो असा.

मातीकडे परतायची वाटही अलास्कातूनच निघाली. जेफ लोवेनफेल्स हे अँकरेजचे वकील 1976 पासून तिथल्या दैनिकात बागकामाचे सदर लिहीत आले आहेत. पूर्वी तेही रासायनिक खतांचेच पुरस्कर्ते होते. टोमॅटोच्या मुळावर चालून आलेल्या सूत्रकृमीला बुरशीच्या धाग्यांनी फासात पकडल्याचे सूक्ष्मदर्शकातले छायाचित्र त्यांनी पाहिले आणि त्यांचे मत पालटले. वेन लुइस यांच्यासह त्यांनी 2006 मध्ये ‘टीमिंग विथ मायक्रोब्ज’ हे पुस्तक काढले. लिहिले होते भाजीपाल्यासाठी, पण गांजा लावणाऱ्यांनी ते उचलून धरले. झाडाला भरवत बसू नका, मातीतल्या जिवाणू-बुरशांना जगवा, झाडाचे ते बघून घेतील, हे त्याचे सार.

हे सार आपल्याकडच्या वाचकाला नवे वाटायचे कारण नाही, कारण त्याचे मूळ इंदूरचे आहे. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ठरावीक दिवसांनी वर-खाली करायचे. साधारण तीन महिन्यांत खत तयार. त्यावरचे 1931 चे पुस्तक हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह लिहिले. हॉवर्ड सगळ्यांना ठाऊक आहेत, वाडांचे नाव मात्र आपणही क्वचितच घेतो. हॉवर्ड यांचा विचार अमेरिकेत नेला जे. आय. रोडेल यांनी, 1942 मध्ये सेंद्रिय बागकामाचे मासिक काढून. तिथून तो परसबागांत रुजला आणि पुढे गांजाच्या कुंडीपर्यंत पोचला.

या कुंडीत असते काय? बहुतेकदा ती 11 ते 19 लिटरची कापडी पिशवी असते. कापडातून हवा खेळते, त्यामुळे मुळे कडेला पोचली की तिथेच थांबतात, गोल गोल वेटोळी घालत नाहीत. आत ढोबळमानाने तीन समान वाटे: दलदलीतले शेवाळी पीट, गांडूळखत किंवा कंपोस्ट आणि पाणी निचरण्यासाठी परलाइट. त्यात मूठ-मूठ समुद्री शेवाळाची आणि खेकड्याच्या कवचाची भुकटी आणि आपली निंबोळी पेंड! ऊस-कापसाला पेंड टाकणाऱ्या शेतकऱ्याला ओरेगॉनमधला बागवान तीच पेंड किलोवर विकत घेतो हे ऐकून गंमत वाटेल. हे मिश्रण ओलसर करून काही आठवडे मुरू देतात आणि मगच रोप लावतात. वर पेंढ्याचे आच्छादन.

लहान कुंडीत सेंद्रिय पद्धत चालवणे मोठ्या वाफ्याहून अवघड असते. माती थोडी म्हणजे शिदोरी थोडी. एक दिवस पाणी चुकले तर मातीतले जीव सुकतात, जास्त झाले तर मुळे गुदमरतात. म्हणून जाणकार बोटाने माती चाचपण्याऐवजी पिशवी उचलून वजनावरून अंदाज घेतात. फुलोऱ्याच्या सुमाराला खालची पाने पिवळी पडू लागली, की वरून गांडूळखताचा थर द्यायचा. एरवी गांजा रात्र मोठी झाल्यावर फुलावर येतो. मध्य आशिया-रशियाकडच्या रानटी ‘रुडेरालिस’ जातीशी संकर केलेली ठेंगणी रोपे मात्र दिवसमानाची वाट न पाहता अडीच-तीन महिन्यांत आटोपतात. शिदोरी संपायच्या आत पीक हाती, त्यामुळे लहान कुंडीवाल्यांना ती सोयीची पडली. लोवेनफेल्स यांनी 2019 मध्ये नेमक्या याच रोपांवर पुस्तक लिहिले.

पुढे ठिकठिकाणी कायदा सैल झाला. दुकानात कायदेशीर गांजा मिळू लागल्यावर घरची कुंडी मागे पडेल असा अंदाज होता. पण 2015 मध्ये कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहराने कीटकनाशकांच्या संशयावरून परवानाधारकांची रोपे अडकवून ठेवली. पाठोपाठ 2016-17 मध्ये कॅनडात औषधी गांजाच्या परवानाधारक उत्पादकांना माल परत मागवावा लागला. त्यात मायक्लोब्युटानिल हे बुरशीनाशक सापडले होते. ते जाळले की विषारी हायड्रोजन सायनाइड निघतो. या उत्पादकांपैकी एकाकडे सेंद्रिय प्रमाणपत्रही होते. आपल्या कुंडीत काय घातले हे आपल्यालाच माहीत, या हिशेबाने अनेकांनी घरची लागवड धरून ठेवली.

मुभेचे आकडे देशोदेशी वेगळे. कोलोरॅडोत 2012 च्या मतदानाने माणशी 6 रोपे, उरुग्वेत 2013 च्या कायद्याने घरटी 6, कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून घरटी 4, जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून दर प्रौढ माणसामागे 3. वॉशिंग्टन राज्याने 2012 मध्ये विक्री खुली केली, पण हौशी लागवड बंदच ठेवली. कॅनडात क्वेबेकने घरगुती लागवडीवर बंदी घातली आणि 2023 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. त्यामुळे सीमेवरच्या नदीच्या अलीकडे ओटावात चार कुंड्या चालतात, पलीकडे क्वेबेकमधल्या गॅटिनोत एकही नाही.

माझ्या मते या साऱ्यात रोपे मोजण्याची युक्ती शहाणपणाची ठरली. वजन मोजायला काटा लागतो, कुंड्या कुणालाही मोजता येतात. आणि चार कुंड्यांवर कुणाचा धंदा चालत नाही. घरचा वापर आणि व्यापार यांच्यातली रेघ त्यातून आखली गेली.

आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. एकेकाळी मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात, सरकारी देखरेखीखाली पिकत असे. भांग-गांजावरच्या 1893-94 च्या सरकारी चौकशी आयोगाने सरसकट बंदीची गरज नाही असेच मत दिले होते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ते प्रकरण मिटले. आज विनापरवाना लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि एका कुंडीला त्यातून सूट नाही. तेव्हा ज्यांना वाड-हॉवर्डांची कृती करून पाहायची असेल त्यांनी त्याच पिशवीत, त्याच पेंडीवर मिरची किंवा टोमॅटो लावावा. माती तितकीच साथ देते.