सत्तावीस ग्रॅमचा प्रश्न

आतली हवा काढून घेतलेली एक काचेची नळी. तिच्यात एक ग्रॅम घन आयोडीन, तोंड सीलबंद. नळी आणि आयोडीन मिळून वजन २७ ग्रॅम. नळी तापवली, सगळ्या आयोडीनची जांभळी वाफ झाली. आता वजन किती भरेल?

आत काही आलं नाही, बाहेर काही गेलं नाही, म्हणजे उत्तर २७ ग्रॅमच. पण वाफ म्हटली की ती हलकी, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की नळीचं वजन २६ ग्रॅमवर आणून ठेवणारे विद्यार्थी विद्यापीठाच्या वर्गातही सापडतात. डग्लस मलफर्ड आणि विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकांनी अशा २२ बहुपर्यायी प्रश्नांचा एक संच तयार केला. आकडेमोड जवळपास नाहीच, सगळा भर समजुतीवर. पहिल्या वर्षाच्या १,४०० हून अधिक विद्यार्थ्यांना तो सत्राच्या आरंभी आणि अखेरीला सोडवायला दिला. २००२ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: आधी सरासरी ४५ टक्के, नंतर ५०. अख्खं सत्र व्याख्यानं, प्रॅक्टिकल, परीक्षा, आणि कमाई पाच टक्क्यांची.

ही मुलं ढ नव्हती. गणितं त्यांना येत होती, आणि गोम नेमकी तिथेच आहे. सुझन नरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी १९८७ मध्येच हे दाखवून दिलं होतं. वायुनियमांवरचं उदाहरण दिलं की विद्यार्थी सूत्रात आकडे घालून बिनचूक उत्तर काढत. मग त्यांना पोलादी टाकीतल्या हायड्रोजनचं चित्र दाखवलं. रेणूंच्या जागी ठिपके, टाकीभर विखुरलेले. तापमान शून्याखाली नेलं तर ठिपके कसे दिसतील? हायड्रोजन तेवढ्या थंडीत वायूच राहतो, तेव्हा ठिपके पूर्वीसारखेच टाकीभर पसरलेले हवेत. या प्रश्नावर मात्र पुष्कळांची दांडी उडाली. उदाहरण सुटलं म्हणजे विषय समजला, या शिक्षकांच्या लाडक्या समजुतीला तो मोठाच धक्का होता.

असं का होतं, याचं सर्वाधिक पचनी पडणारं उत्तर ग्लासगो विद्यापीठाच्या अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी दिलं. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं, असं त्यांनी १९९१ मध्ये मांडलं. डोळ्यांना दिसणारी पातळी, म्हणजे रंग, साका, बुडबुडे. न दिसणारी, म्हणजे अणू-रेणूंची. आणि फळ्यावरची, म्हणजे चिन्हं, सूत्रं, समीकरणं. मुरलेला प्राध्यापक बोलता बोलता या तिन्हींत कोलांट्या मारतो आणि आपण काही अवघड करतोय याचा त्याला पत्ताही नसतो. समोरच्या नवख्याच्या डोक्यात एका वेळी मावतं थोडंच. जॉनस्टन यांनी परीक्षेतले प्रश्न विचारांच्या पायऱ्यांमध्ये मोडून पाहिले, तेव्हा पाच-सहा पायऱ्यांच्या पुढे यशाचं प्रमाण एकदम कोसळताना दिसलं. अशा वेळी विद्यार्थी शहाणपणा करतो: तिसरी पातळी पाठ करतो आणि दुसरी सोडून देतो.

सोडून दिलेल्या त्या दुसऱ्या पातळीत डोकावायचं कसं? मेलनी कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी युक्ती केली. विद्यार्थ्यांना हायड्रोजन बंधाबद्दल लिहायला सांगितलंच, शिवाय इथेनॉलमधले हायड्रोजन बंध चित्र काढून दाखवायला लावले. लिहिलेलं वाचून शंका यावी असं फारसं नव्हतं. चित्रांनी मात्र पितळ उघडं पाडलं. हायड्रोजन बंध एका रेणूचा हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूचा ऑक्सिजन यांच्यातलं आकर्षण. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी एकच रेणू काढला आणि त्याच्याच पोटातल्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाकडे बाण दाखवला. ज्याची अशी समजूत असेल, त्याच्या दृष्टीने पाणी उकळणं म्हणजे पाण्याचा रेणू फुटणं. पुढे उत्कलनबिंदू, विद्राव्यता, प्रथिनांच्या घड्या, काहीच धड उलगडत नाही.

कूपर यांच्या गटाने त्याआधी टॅब्लेटवर चालणारी एक प्रणाली वापरली होती. विद्यार्थी पडद्यावर रेणूची रचना काढतो आणि प्रत्येक रेघ ज्या क्रमाने ओढली गेली तशी नोंदली जाते. नंतर ती चित्रफितीसारखी पाहता येते. कुठे अडला, काय खोडलं, कुठे अंदाजपंचे इलेक्ट्रॉनचे ठिपके मांडले, सगळं दिसतं. तंत्रज्ञानाचा वर्गात याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. कारण इथे यंत्र शिकवायला आलेलं नाही, ऐकायला आलेलं आहे. या निरीक्षणांतून कूपर आणि माइक क्लिमकॉव्स्की यांनी 'क्लू' हा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम नव्याने रचला. त्यात विद्यार्थी पुन्हा पुन्हा चित्र काढतो आणि 'असं का' ते लिहितो. या वर्गातली मुलं हायड्रोजन बंध रेणूंच्या मध्ये दाखवण्यात नेहमीच्या वर्गांपेक्षा बरीच पुढे निघाली.

'फेट' या संगणकावरच्या सिम्युलेशन्सची गोष्टही याच जातीची. भौतिकशास्त्राचं नोबेल २००१ मध्ये मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी पुढच्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातली वायूंची पेटी उघडावी. पंपाचा दांडा दाबला की रेणू आत घुसून भिंतींवर आपटू लागतात, दाबमापकाचा काटा थरथरत वर चढतो. खालून तापवलं की धडका वाढतात; अति केलं की झाकण उडतं. दाब म्हणजे ही धडकाधडकी, हे त्या दोन मिनिटांत जितकं पटतं तितकं अर्ध्या तासाच्या व्याख्यानात पटत नाही. हे सगळं फुकट आहे. सिम्युलेशन बाहेर येण्याआधी विद्यार्थ्यांना ते हाताळायला देऊन, त्यांना मोठ्याने विचार करायला लावून तपासलं जातं. नुसता स्मार्ट बोर्ड टांगून 'डिजिटल वर्ग' म्हणवणाऱ्यांनी एवढी तरी मेहनत पाहावी. मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प रेणूंची त्रिमितीय चित्रं काढणारी मुक्त सॉफ्टवेअर्स शिकवतो. भारतीय भाषांतून ऐकत ऐकत, आपल्या संगणकावर करत करत.

प्रयोगशाळेचं दुखणं वेगळं आहे. महाराष्ट्रात बीएस्सी केलेल्या कुणालाही सीबीआर, म्हणजे 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग', काय ते विचारावं. ब्युरेटची तीन रीडिंग सारखी आली पाहिजेत, म्हणून तिसरं रीडिंग घेण्याऐवजी लिहिलं जातं. जर्नलमध्ये निष्कर्ष आधी आणि निरीक्षणं मागाहून. दोष मुलांचा कमी, साच्याचा जास्त. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर प्रयोग करायचा कशाला? शिवाय उपकरणं महाग, म्हणून कपाटात. त्यावर दिल्ली विद्यापीठात प्रा. के. व्ही. साने यांनी १९८०च्या दशकात उपाय काढला: पीएच मीटर, विद्युतवाहकता मापक, कलरीमीटर स्थानिक बाजारातल्या सुट्या भागांतून शिक्षक-विद्यार्थ्यांनीच बनवायचे. स्वस्त पडतं हा एक फायदा. उपकरण आतून कसं चालतं ते कळतं, हा दुसरा आणि मोठा. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना खऱ्या संशोधन प्रकल्पांत ओढायला सुरुवात केली. हजारो महाविद्यालयांच्या देशात हे प्रयत्न थोडेच म्हणायचे.

एवढं माहीत असूनही व्याख्यान हटत का नाही? पुरावा कमी आहे म्हणून नक्कीच नव्हे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२ टक्के.

अडचण दुसऱ्याच ठिकाणी आहे, आणि ती हार्वर्डमध्ये लुई देलोरिये यांच्या गटाने २०१९ मध्ये उघड केली. वर्ग भौतिकशास्त्राचे होते, पण रसायनाच्या शिक्षकालाही ओळखीचे वाटतील. एका गटाला उत्तम व्याख्यान, दुसऱ्याला तीच उदाहरणं आपसात चर्चा करून सोडवायची. चाचणीत दुसरा गट पुढे. 'तुम्ही किती शिकलात?' असं विचारल्यावर मात्र व्याख्यान ऐकलेले विद्यार्थी जास्त खूश. सफाईदार बोलणं ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः झगडताना आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. शिक्षकांचं मूल्यमापन विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर होत असेल, तर शहाणा शिक्षक काय निवडणार हे उघड आहे. त्यावर देलोरिये यांनी केलेला उपाय अगदी साधा होता. सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना हेच निष्कर्ष दाखवले आणि डोकं दुखेल, पण ते शिकण्याचंच लक्षण आहे, असं समजावून सांगितलं. सत्र संपताना त्यातल्या बहुतेकांनी त्या बोलण्याचा उपयोग झाल्याचं कळवलं.